गॅसबत्तीचं बारसं

भर दुपारी, लख्ख उन्हात, कुणाच्या तरी अंगणात उकिडवं बसून गॅसबत्तीला पंप मारणारा माणूस तुम्ही कधी पाहिला असेल, तर तो मीच. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत त्या काळी हा उद्योग करणारा दुसरा कुणी नव्हता. पंपाचा दट्ट्या खालीवर करायला लागलो की कुंपणावर एकेक डोकं उगवायचं.

"अरं, सूर्य दिसत नाय का याला?"

"डोळ्यांचा काय तरी आजार असंल बिचाऱ्याला."

"डोळ्यांचा नाय रं, डोक्याचा."

मी मान वर न करता म्हणायचो, "तो वरचा सूर्य तुमचा. हा माझा. माझा माझं ऐकतो. तुमचा ऐकतो का?" तेवढ्यात जाळी फक्कन पेटायची, पिवळ्याची पांढरीशुभ्र व्हायची, बत्ती सूं करून गायला लागायची, आणि तीच डोकी तोंड उघडं टाकून बघत राहायची. खरं सांगायचं तर मलाही दर वेळी तसंच व्हायचं. तळहातावर मावेल अशी एक चिंधीची जाळी, बोट लागलं तर राख होऊन पडणारी, आणि तिच्यात एवढं तेज कुठून येतं? पण मी ते चेहऱ्यावर दिसू देत नसे. जादूगारच आपल्या जादूला भुलला तर प्रेक्षकांनी कुणाकडे बघायचं?

आता हा धंदा काय होता ते सांगतो. दुसऱ्या लढाईचे, महायुद्धाचे दिवस होते. मी कर्जतला एका डॉक्टरांकडे कंपौंडर होतो. डॉक्टर फार कमी बोलायचे. ती उणीव मी भरून काढायचो. आमच्या भागात गुडघेदुखी घरटी एक. आयुष्यभर चिखलात वाकून भात लावायचं, मग भारे डोक्यावर घेऊन चढ चढायचे. पन्नाशी आली की गुडघे कुरकुरायला लागतात, साठीला जाहीर संप. डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पाहिलं होतं की अशा गुडघ्यांवर विजेच्या दिव्याचा तांबडा प्रकाश धरतात. उजेड कातडीतून आत शिरतो, रक्त धावतं, आखडलेलं सैल पडतं, दुखणं उतरतं. पण आमच्याकडे वीज कुठली? म्हणजे वीज होती, खोपोलीत तयारच होत होती. डोंगरावरून पाणी नळातून खाली यायचं, त्याची वीज व्हायची आणि तारांवरून आमच्या शेतांच्या डोक्यावरून थेट मुंबईला जायची. तारांखाली माणसं रॉकेलची चिमणी लावून जेवत होती.

म्हणून डॉक्टरांनी ही युक्ती काढली. कर्जतच्या कल्हईवाल्याकडून पत्र्याची एक खोलगट परात करून घेतली, आतून आरशासारखी घासलेली. ती गॅसबत्तीच्या मागे बसवायची, म्हणजे सगळा उजेड आणि सगळी ऊब एकाच बाजूला जाते. पुढे लाल काच. ती रेल्वेच्या जुन्या सिग्नलची होती, भंगारातून मिळालेली. कर्जतला घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन लावतात, त्यामुळे गावात रेल्वेचं भंगार काही कमी नाही. जी काच दाखवून अख्खी गाडी थांबवायचे, तीच दाखवून आम्ही थांबलेली माणसं चालवणार होतो. हे वाक्य मी प्रत्येक गावात म्हणायचो आणि प्रत्येक गावात हशा घ्यायचो.

रोग्यानं दवाखान्यात यावं तर त्याला चालता येत नाही, म्हणून दवाखाना सायकलच्या कॅरिअरवर बांधून रोग्याच्या घरी. आधी गुडघा कोरड्या फडक्यानं पुसून काढायचा, कारण लोक करंजाचं तेल चोपडून बसलेले असत आणि तेल तापलं की कातडी भाजते. मग बत्ती हातभर लांब ठेवायची. रोग्याच्या गुडघ्याशेजारी माझा हात उलटा धरायचा, म्हणजे त्याला लागतंय ते मलाही लागतं. आणि विचारायचं, "ऊन कितीचं लागतंय?"

हा प्रश्न माझा स्वतःचा शोध. थर्मामीटर कुणाला कळत नाही, ऊन सगळ्यांना कळतं.

"आठाचं."

"दहाचं करू?"

"कर... बास बास, बाराचं झालं रं, भाजशील मला!"

मग बत्ती वीतभर मागे. अर्धाएक तास असं बसायचं, कातडी गुलाबी झाली की बत्ती बंद करून पाय हळूहळू सरळ करायचा, हळूहळू दुमडायचा. झालं. झिजलेला सांधा यानं भरून येत नाही, हे डॉक्टर प्रत्येकाला सांगायचे. "दुखणं जाणार नाही. जरा लांब जाऊन बसेल," असं म्हणायचे.

खालापूरला एक निवृत्त हवालदार होते. गुडघे इतके धरलेले की ओट्यावरून उठायला दोन माणसं लागत. त्यांना दुखण्यापेक्षा भीती मोठी होती ती विमानाची. "भर दिवसा लाल दिवा! वरनं दुश्मनाचं इमान गेलं म्हंजे? त्याला वाटंल, खाली कुनी तरी खूण करतंय." मी समजावलं की आपण घरात आहोत, वर कौलं आहेत. पण हवालदार ते हवालदार. त्यांनी बायकोला अंगणात आकाशाच्या पहाऱ्यावर उभं केलं. बाईंची नजर अधू. घार दिसली की त्या ओरडायच्या, "आलं गं बाई!" आणि हवालदार बत्तीवर घोंगडी टाकायला ताडकन उठायचे. मी त्यांना खांदे धरून खाली बसवायचो, पुन्हा घार, पुन्हा हवालदार उभे. महिनाभरात गडी दोन माणसांशिवाय उठायला लागला. मी डॉक्टरांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, बत्तीनं काय चमत्कार केला बघा. डॉक्टर म्हणाले, "निम्मं श्रेय घारीला द्या."

पण या कामातली खरी अडचण विमानाची नव्हती, रॉकेलचीही नव्हती. ती मुंबईच्या इस्पितळातल्या कुणाच्या स्वप्नातही आली नसती. आमच्याकडे तिन्हीसांजेला दिवा लागला की हातातलं काम टाकून माणसं हात जोडतात. आणि पेटत्या दिव्याकडे पाय करून कुणी बसत नाही. माझा तर सगळा उपचारच दिव्याकडे पाय करण्याचा! मी बत्ती आणून समोर ठेवली की रोगी आधी भक्तिभावानं नमस्कार करायचा आणि मग दोन्ही पाय पोटाशी घेऊन अंगाखाली दडवायचा. म्हणजे ज्याच्यासाठी मी एवढा आटापिटा केला तो गुडघाच गायब. एक आजोबा बत्तीकडे पाठ करून बसले. पाठ छान शेकून घेतली आणि म्हणाले, "बरं वाटलं हो, उद्या पण या." शेवटी खालापूरकडच्याच एका शेतकऱ्यानं तोड काढली. घोट्यापर्यंत गोणपाट टाकलं आणि म्हणाला, "पाय झाकलं. आता नुसतं गुडघं हायत." ती युक्ती मी सगळीकडे चालवली. गोणपाटाचा एक तुकडा कायम सायकलला बांधलेला असायचा.

ती युक्ती चालली नाही ती एकाच ठिकाणी. कळंबच्या ठकूबाईपुढे.

ठकूबाई धवलारीण होती. तिच्या समाजात लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणून जातात, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं धवलारणीच्या हातात. हळद, तेल, देवांना बोलावणं, नवरीला सजवणं, तिला पाठवणं, या प्रत्येकाची गाणी असतात, त्यांना धवले म्हणतात, आणि ती सगळी तिला तोंडपाठ असावी लागतात. लिहिलेलं काही नाही. ठकूबाईनं आसपासच्या गावांत आजी, मुलगी आणि नात अशा तिन्ही पिढ्यांची लग्नं लावली होती. तिची सून गोदी एक दिवस आमच्या दवाखान्यात आली आणि डॉक्टरांसमोर उभी राहून घडाघडा बोलली.

"सासूबाईंचं गुडघं गेलंत. गेल्या सालाला कोंडाण्याला लगीन लावायला गेल्या, मधीच पाय धरला, गानं तुटलं. मानसांनी उचलून बाहेर नेलं. दुसऱ्या गावची धवलारीण आनून पुढचं केलं. तवापासून घराच्या बाहेर नाय निघाल्या. आता माझ्या पोरीचं लगीन हाय, चंद्रीचं, माघात. नवऱ्याकडचे मोहोपाड्याचे. ते म्हनतात, आमी आमची धवलारीण घेऊन येतो. सासूबाई काय बोलल्या नाय. पण जेवत बी नाय."

डॉक्टर म्हणाले, "खुर्चीवर बसून गायलं तर?"

गोदीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की डॉक्टरांनी चष्मा पुसायला काढला.

मी सायकल काढली. मार्गशीर्ष होता, वाटेवर भाताची खळी रिकामी होत आली होती. ठकूबाई ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. काळी, हाडकुळी, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की हळू बोलली तरी परसातली कोंबडी थांबून ऐकायची. जाताच खुर्चीचा प्रश्न मीही विचारला. माझी खोड.

"मांडवात देव कुठं मांडतात रं?" तिनं विचारलं.

"पाटावर. जमिनीवर."

"मंग त्यांच्यापरीस उंच बसून त्यांना हाक कशी मारू? वरनं हाक मारली तर येतील का? तू येशील?"

मी म्हटलं, मी येईन, मला कुणी कुठूनही बोलावलं तरी मी जातो. ती हसली नाही. मी बत्ती पेटवली, आत आणली. तिनं हात जोडले, पाय आत घेतले. मी गोणपाट काढलं.

"हे कशाला?"

"पाय झाकायला. नुसते गुडघे दिसतील."

"झाकलेला पाय दिव्याला दिसत नाय असं तुला कुनी सांगितलं?"

खालापूर तालुक्यानं सोडवलेला प्रश्न कळंबानं पुन्हा माझ्या गळ्यात घातला. मी हरलो. रोज जात राहिलो, बत्ती बाजूला ठेवून कुशीवरून ऊब देत राहिलो, पण त्यानं मांडी शेकायची, गुडघा तसाच. गोदी दारात उभी राहून म्हणायची, "अवो, औषध हाय ते, देव नाय," आणि सासू म्हणायची, "तुला काय कळतंय? तुला तेलाचा धवला अजून सरळ येत नाय." गोदीचं तोंड एवढंसं व्हायचं. तिला गाणी अर्धीमुर्धीच येत होती, आणि शिकायला बसायचं तर सासूला फुरसत आणि सुनेला उसंत एका वेळी कधी मिळालेलीच नव्हती.

एके दिवशी मी गेलो तर अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, आणि आळीतल्या बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मध्ये सूप, सुपात तांदूळ, तांदळावर नारळ. मला वाटलं घरात कुणाचं बारसं आहे, आपण अवेळी आलो.

"पेटव रं बत्ती," ठकूबाई म्हणाली, "आनि आन हिकडं."

मी पेटवली. तिनं ती आपल्यासमोर ठेवायला लावली, काचेच्या खालच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लावलं, आणि गायला लागली. सूं सूं करणाऱ्या बत्तीच्या सुरात आपला सूर मिसळून.

पितळी तुझा पाळणा रं बाळा, जाळीचं टोपडं
रॉकेलाचं दूध प्यालं, दिसा उजेडलं
कुनाच्या रं कुळीचा तू, कुनाचा नातू
ठकूबाईच्या मांडीवरी आला रं आज तू

बायकांनी ओळ उचलली. मी आयुष्यात पुष्कळ नाटकं पाहिली, दोनचारांत तोंडाला रंगही लावला, पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. ती बाई माझ्या डोळ्यांदेखत एका भंगारातल्या काचेला कूळ देत होती, आजोळ देत होती. मग तिनं काचेजवळ वाकून, बाळाच्या कानात सांगतात तसं, नाव सांगितलं.

"उज्या."

"उज्या!" बायका ओरडल्या, आणि एकीनं माझ्या पाठीत बुक्का घातला, बारशाला घालतात तसा. मला आत्याचा मान मिळाला.

आणि मग ठकूबाईनं दोन्ही पाय बत्तीकडे सरळ पसरले. लुगडं गुडघ्याच्या वर घेतलं, मागे टेकली आणि माझ्याकडे असं बघितलं की आता पुढचं तू कर.

मी बावळटासारखं विचारलं, "आजी, दिव्याकडे पाय?"

"दिवा कुठं हाय? नातू हाय माजा. नातवाला न्हाऊ घालताना पाय पसरूनच बसतात ना रं? का उकिडवं बसून घालतात तुमच्यात?"

बायका खदखदून हसल्या. मी आजवर जेवढी शास्त्रार्थाची भाषणं ऐकली, त्या सगळ्यांवर तिनं पाय पसरून पाणी फिरवलं होतं. दिव्याचा मान तसूभर कमी न करता तिनं त्याला जवळचा केला होता. संध्याकाळी दवाखान्यात आल्यावर मी हे डॉक्टरांना सांगितलं, सगळे आवाज काढून. ते म्हणाले, "मला हे सुचलं नसतं." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सर्वांत लांब कौतुक.

पण ते संध्याकाळी. तेव्हा मी बत्ती हातभर लांब सरकवून विचारलं, "ऊन कितीचं लागतंय, आजी?"

"मार्गशीर्षातलं. पाठीवर घेतं मानूस, तसलं. हितंच राहू दे."

त्या दिवसापासून रोज अर्धा तास ठकूबाई पाय पसरून बसायची आणि हलायची नाही. आणि ती हलू शकत नाही म्हटल्यावर काय करणार? ती गायची. आणि बत्तीला वाऱ्याचा आडोसा धरायला गोदी शेजारी बसायची, म्हणजे तिलाही हलता येत नव्हतं. गोदीचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दोघी कामाशिवाय एका जागी बसल्या होत्या. सासू ओळ टाकायची, सून उचलायची.

"'हळद' म्हनतेस तवा तोंडात भात हाय का तुझ्या? पुन्हा म्हन."

"हळद लागली..."

"रडू नको. गा. चंद्रीला पाठवायचं गानं म्हनताना गळा दाटला तर पोर शीव कशी ओलांडंल? गान्यावर पाय ठेवून जाते ती."

लग्नानंतर नवरी गावची शीव ओलांडेपर्यंत धवला थांबू द्यायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. धवलारीण गात गात शिवेपर्यंत चालत जाते आणि तिथून परत फिरते. ठकूबाईला बसायचं होतं, हे मला माहीत होतं. तिला चालायचंही होतं, हे त्या दिवशी कळलं.

गुडघा सैल पडत होता, यात शंका नव्हती. पौष लागला तेव्हा ती एक पाय दुमडून खाली बसायला लागली. उजेडानं झालं, उबेनं झालं, की रोज अर्धा तास कुणीतरी आपल्या गुडघ्याकडे डोळे लावून बसलं म्हणून झालं, डॉक्टरांनाही सांगता येईना. मी काही ठरवण्याच्या भानगडीत पडलो नाही. मी फक्त बघत होतो.

आणि तेव्हाच रॉकेल संपलं. लढाईमुळे ते रेशनवर होतंच, आता दुकानात यायचंच बंद झालं. दवाखान्याचा डबा कोरडा. मी रिकामी बत्ती घेऊन कळंबला गेलो, कारण निरोप पाठवायचं धाडस नव्हतं. ठकूबाईला म्हटलं, "आजी, उद्यापासून उज्या येणार नाही. रॉकेल नाही."

"उन्हात बसू का मग?"

"उन्हात बसा, पण ऊन सगळीकडे पडतं. डोकं तापतं आणि गुडघा गारच राहतो. उज्यासारखं एका जागी नाही पडत."

तिनं लुगडं गुडघ्यांवरून खाली ओढलं. गोदी मात्र दारातून म्हणाली, "उद्या तुमी या तर खरं, बत्ती घेऊन."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. ओट्यावर भांड्यांची ओळ लागली होती. बाटल्या, तांबे, पितळी पेले, एका करवंटीला शेणानं बूड बसवलेलं. प्रत्येकात थोडं थोडं रॉकेल. एका पेल्यात घोटभर, एका बाटलीच्या तळाला चमचाभर. गोदी आदल्या दिवशी घरोघर फिरली होती. "तान्ह्या पोराला दूध नाय, घालता का थोडं?" एवढंच तिनं म्हटलं होतं म्हणे. आणि आळीतल्या बायकांनी आपापल्या चिमण्या तिच्यासमोर उलट्या केल्या होत्या.

त्या घरांत संध्याकाळी काय असणार होतं ते मला माहीत होतं. चुलीच्या उजेडात जेवायचं आणि लगेच निजायचं. मी धोतराच्या सोग्यानं रॉकेल गाळायला बसलो, कारण कण गेला तर बत्तीचं तोंड बुजतं. एका तांब्यातून तर रॉकेलाबरोबर ताकही आलं.

"हे कुणी दिलं?"

"म्हातारीनं पलीकडच्या. तिला दिसत नाय. जे हाय ते दिलं तिनं."

त्या रॉकेलावर उज्या लग्नाच्या दिवसापर्यंत जळला. मी थेंब थेंब जपून जाळलं. माझ्या आयुष्यात मी एवढा काटकसरी आधी कधी नव्हतो, नंतरही नाही.

माघात लग्न झालं. मला आमंत्रण होतं, आत्याच्या मानाचं. मोहोपाड्याची मंडळी आली, बरोबर त्यांची धवलारीण, एक तरणी, घाऱ्या डोळ्यांची बाई. ती मांडवात आली, ठकूबाईला पाहिलं, आणि तिच्या मागे जाऊन बसली. एका शब्दानं भांडण नाही. गाणाऱ्याला गाणारं ओळखतं.

ठकूबाई देवांच्या पाटासमोर जमिनीवर बसली. दुपारी बसली ती दिवस कलेपर्यंत. देवांना एकेकाला हाक मारून बोलावलं, हळद लावली, तेल वाहिलं, नवरीच्या हातात चुडा भरला, प्रत्येकाचं गाणं शेवटपर्यंत. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, आणि गाण्याच्या दोन ओळींमध्ये तिची बोटं गुडघ्यावर घट्ट आवळायची, ते मी बघत होतो. मला आतून ओरडावंसं वाटत होतं की आजी, पाय पसरा. पण गाणं तुटलं नाही. भटजींनी अक्षता टाकायला लावल्या तेव्हा पहिल्या अक्षता मी नवरा-नवरीऐवजी म्हातारीवर टाकल्या असत्या, इतकं मला भान नव्हतं.

मग नवरी निघाली. सगळी माणसं उठली. ठकूबाईनं हात टेकला, उठायला गेली, आणि नाही उठली. पुन्हा गेली. गुडघा उठायला तयारच नव्हता. मी धावलो, तिचा मुलगा, गोदीचा नवरा, धावला. तिनं एका हातानं आम्हाला लांब केलं आणि बसल्या जागेवरून शिवेचं गाणं सुरू केलं.

शीव आली गं लेकी, वळून बघू नको
माहेराची वाट तुझ्या पायी बांधली गं

चंद्री मांडवाबाहेर पडली. गोदी तिच्या मागे, पदर तोंडात. ठकूबाईचा आवाज चढला. पण गावाची शीव लांब, ओढ्याच्या पलीकडे, आणि म्हातारीचा आवाज कितीही मोठा झाला तरी ओढा ओलांडणार नव्हता. सगळ्यांना ते कळलं. वरात थबकली. मोहोपाड्याची धवलारीण उठून निघायला लागली, कुणीतरी शिवेवर गायला हवं म्हणून.

"तू बस," ठकूबाई ओळ न तोडता, ओळीतच घालून म्हणाली. आणि मग त्याच सुरात ओरडली, "गोदे!"

गोदी वळली. तोंडातला पदर काढला. पहिली ओळ तिच्या तोंडून निघाली ती फाटकी, ओली. दुसरी सरळ आली. ती गात चंद्रीच्या पुढे निघाली. वाटेवर दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या, ज्यांनी चिमण्या उलट्या केल्या होत्या त्याच. गोदी पुढे गेली की मागच्या ओळ उचलायच्या, म्हणजे मांडवात बसलेल्या म्हातारीचं गाणं आणि शिवेकडे चाललेल्या सुनेचं गाणं यांच्यामध्ये कुठेही खंड पडत नव्हता. मी मांडवातून निघून मध्येच, ओढ्याच्या काठाला येऊन उभा होतो. एका कानात ठकूबाई, एका कानात गोदी. दोघींमध्ये एक अख्खं गाव गात होतं. मी टोपी काढून हातात घेतली होती, कधी काढली ते आठवत नाही.

गोदी ओढ्यापार गेली. शिवेचा दगड आला. तिथे एक ओळ असते, मुलीला पुढे ढकलायची, ती कुठल्याही आईच्या तोंडून निघणं कठीण. ती निघाली. चंद्रीनं शीव ओलांडली. मागे वळली नाही.

"पोचली!" शिवेवरून एकीनं ओरडून सांगितलं. तिच्या अलीकडच्या बाईनं ते पुढे दिलं, "पोचली!" मग तिच्या अलीकडच्या. मी माझ्याकडे आलेला शब्द पूर्ण गळ्यानं मांडवाकडे फेकला आणि त्याच्या पाठोपाठ धावत गेलो.

ठकूबाई तशीच बसली होती, तोंडात अजून ओळ. शब्द आत आला तशी तिनं ओळ पुरी केली आणि थांबली.

"शीव ओलांडली?" तिनं मला विचारलं.

"ओलांडली, आजी."

"गानं तुटलं?"

"नाही तुटलं."

तिनं डोळे मिटले, उघडले, आणि दोन्ही हात वर केले.

"मंग आता उचला मला."